दिलेले फोटो परत आले

वाचकहो, तुमच्या घरात जुने फोटो कुठे ठेवलेले असतात? आमच्या घरात ते पत्र्याच्या पेटीत असत. खाली खरेदीखते, वर लग्नातला शालू आणि त्या दोन्हींच्या मध्ये फोटोंची पिशवी. पेटीला कुलूप आणि किल्ली सासूबाईंच्या कनवटीला. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. वर्षातून एकदा, दसऱ्याच्या झाडलोटीला पेटी उघडायची, फोटो पदराने पुसायचे आणि पुन्हा आत ठेवायचे. इतके जपून ठेवलेले फोटो आणखी कुठे जाणार, असेच आम्हांला वाटे.

आमचे गाव कृष्णाकाठी, पलूस तालुक्यात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीला आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली, तो महापूर तुमच्याही स्मरणात असेल. आम्ही जनावरे सोडली, धान्याची पोती माडीवर नेली, आत्याबाईंना नावेत बसवले. पेटी मात्र खालीच राहिली. पाणी ओसरल्यावर घरी आलो तेव्हा पेटीत निम्म्यापर्यंत गाळ होता. फोटो एकमेकांना चिकटून त्यांची वीट झाली होती.

त्या वेळी आमच्याकडून चुका झाल्या. तुमच्याकडून त्या होऊ नयेत म्हणून सांगते. फोटोच्या तोंडावर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि चित्र त्या थरातच असते. पाण्याने तो थर मऊ पडतो. आम्ही घाईघाईने फोटो ओढून सुटे केले, तर एकाचे तोंड दुसऱ्याच्या पाठीला चिकटून निघाले. उरलेले कडक उन्हात वाळत घातले, ते पापडासारखे वळले. खरे तर ओले फोटो स्वच्छ गार पाण्यात हलक्या हाताने खंगाळावेत. पाण्यात ते आपोआप सुटले तर सुटू द्यावेत, ओढू नयेत. मग सावलीत, स्वच्छ कापडावर, तोंड वर करून पसरावेत. पुसायला जाऊ नये. हे आम्हांला नंतर कळले. शंभरावर फोटोंतले अकरा वाचले.

घर पुन्हा उभे राहिले. उसाचे बिल आले, भिंतींना रंग लागला. पण आत्याबाई अधूनमधून विचारायच्या, “ह्यांचा बैलांबरचा फोटू कुटं गावला का गं?” सासरे, म्हणजे आमचे आबा, १९९४ साली गेले. त्यांचे फोटो मुळातच दोन-तीन. त्यातला आत्याबाईंच्या जिवाचा तो एकच, १९७८ सालच्या बेंदराचा. तालुक्याच्या गावाहून फोटोग्राफर बोलावला होता. मध्ये झूल घातलेली खिलारी जोडी, एका अंगाला आबा आणि दुसऱ्या अंगाला त्यांचे धाकटे भाऊ तात्या. पेटीत त्याचा नुसता पांढरा कागद उरला होता.

२०२३ च्या दिवाळीला पुण्याची मुलगी माहेरी आली. ती म्हणाली, “आई, हल्ली फोटोंचं पुस्तकच छापून मिळतं. आपण इथून इंटरनेटवरून फोटो पाठवायचे, कोणत्या पानावर कोणता फोटो ते ठरवायचं, खाली नावं लिहायची, की ते छापून, शिवून टपालानं घरी येतं. पूर्वीसारखा चिकटवायचा आल्बम नाही. पानावरच छपाई.”

मी म्हटले, “अगं, छापायला फोटो कुठं आहेत?”

ती म्हणाली, “आपल्याकडं नाहीत. पण आपण वाटलेले असतील की!”

वाचकहो, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. पूर्वी लग्नाचे फोटो धुऊन आले की एक प्रत नणंदेला, एक मामाकडे, एक व्याह्यांकडे जायची. मी फोन करायला सुरुवात केली. कराडच्या नणंदेकडे माझ्या लग्नाचे चार फोटो निघाले. माझ्या माहेरी मुलाच्या बारशाचा निघाला. एका मावससासूबाईंनी देवघरात आबांचा पंढरपूरच्या वाटेवरचा फोटो लावलेला होता. महिन्याभरात सात घरांतून त्रेपन्न फोटो जमले. आम्ही कुलूप लावून ठेवले ते नदीने नेले आणि लोकांना दिले ते राहिले.

बेंदराचा फोटो मात्र त्यांत नव्हता. त्याच्या दोनच प्रती होत्या. १९८३ साली दोघा भावांची वाटणी झाली तेव्हा रान वाटले, भांडी वाटली, जोडीतला एकेक बैलही वाटून घेतला आणि फोटोची एकेक प्रत दोन्ही घरांत गेली. तात्या २००६ साली गेले. दुसरी प्रत आता त्यांच्या मुलाकडे, माझ्या चुलत दिराकडे. घर हाकेच्या अंतरावर. पण २०१२ च्या मोजणीपासून आमची बोलाचाल नाही. कारण विचाराल तर बांध. मोजणीची खूण इकडे धरली तर उसाच्या दोन सऱ्या आमच्या, तिकडे धरली तर त्यांच्या. या दोन सऱ्यांपायी अकरा वर्षे एकमेकांच्या घरचे कुंकू नाही की कार्य नाही.

आमचे मालक म्हणाले, “मी जाणार न्हाई.” आत्याबाई काहीच बोलल्या नाहीत. त्या नुसत्या पेटीकडे बघत बसल्या. ते बघवेना म्हणून एक दिवस दुपारी, पुरुष माणसे रानात असताना मी उठले आणि डोक्यावर पदर घेऊन त्यांच्या दारात गेले.

धाकट्या जाऊबाई तांदूळ निवडत होत्या. मला बघून सूप हातातच राहिले. “आक्का, तुम्ही?” म्हणाल्या आणि आधी पाण्याचा तांब्या आणला. मी सांगितले, “फोटो न्यायला आले नाही. मोबाइलवर त्याचा फोटो काढून घेते. आत्याबाईंना एकदा बघायचाय.” फोटो माजघराच्या भिंतीवर होता. त्यांनी स्टुलावर चढून तो काढला, काच पुसली आणि म्हणाल्या, “पुस्तक करतासा, तर आमाला बी एक द्या. पोरांनी आज्ज्याला बघितलंच न्हाई.” मी शब्द दिला.

आता काम कसे केले ते सांगते. फोटोवरून फोटो काढायचा तर फ्लॅश लावू नये, फोटो चमकतो. ओसरीवर दिवसाच्या उजेडात, पण उन्हात नव्हे, फोटो सपाट ठेवावा आणि मोबाइल बरोबर वर, आडवा धरावा. काच सुटत असेल तर काढावी. फोटो काचेला चिकटला असेल तर तसाच राहू द्यावा. पाहुण्यांकडून व्हॉट्सअ‍ॅपवर मागवाल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. साधा पाठवला की फोटो आकसतो, मोबाइलवर बरा दिसतो पण छापल्यावर धुरकट होतो. छपाईला इंचामागे ३०० ठिपके लागतात, म्हणजे आठ इंचाच्या पानाला २४०० ठिपके. धान्य विरळ पेरले तर पीक दाट कसे येणार, तसेच हे.

संध्याकाळी देवापुढे दिवा लावला की आम्ही आत्याबाईंना एकेक फोटो दाखवू. त्यांच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याने अंधुक दिसते. पण साडीच्या काठावरून माणूस ओळखत. “ही बोरगावची. हिचं पैलं बाळ गेलं ते त्या साली.” “ह्यो बाहात्तरच्या दुष्काळात आमच्यासंगं खडी फोडायला हुता.” मुलगी सगळे लिहून घेई. चार माणसे मात्र त्यांनाही ओळखू आली नाहीत. ती कोण हे सांगणारे आता कुणी उरलेले नाही. हेच काम आम्ही आत्याबाई पंच्याहत्तरीच्या असताना केले असते तर!

पुस्तक ठरले आठ इंच बाय आठ इंच, चोवीस पानांचे. मुलीने चौदाशे रुपये भरले. छापण्याआधी सगळी पाने पडद्यावर दाखवतात. आम्ही ती बघितली, ‘मंजूर’ वर बोट ठेवले आणि दहाव्या दिवशी पुस्तक घरी आले.

पुठ्ठा जाड, कागद गुळगुळीत. सगळे घर भोवती गोळा झाले. पहिल्याच पानावर नावे वाचायला घेतली आणि मी थबकले. पहिली वेलांटी अक्षराच्या अलीकडे यायची ती पलीकडे गेली होती, जोडाक्षरे फुटून पाय मोडल्यासारखी पडली होती. पडद्यावर अक्षरे नीट दिसत होती, छपाईत मोडली.

त्याहून मोठी गोष्ट पुढे होती. बेंदराचा फोटो पूर्ण पानभर घेतला होता. आत्याबाईंनी पुस्तक डोळ्यांजवळ धरले, आबांच्या फेट्यावरून बोट फिरवले, बैलांवरून फिरवले आणि पानाच्या कडेला येऊन थांबल्या.

“ह्यो शिंगावरचा हात कुणाचा? तात्यांचा न्हवं? मग तात्या कुटं हायती?”

फोटो रुंद आणि पान चौकोनी. पान भरायचे म्हणून यंत्राने बाजू कापल्या होत्या. आबा नीट यावेत म्हणून आम्ही फोटो त्यांच्या बाजूला सरकवला, आणि तात्या कापले गेले. पडद्यावर हे दिसत होते. पण आम्ही सगळे आबांकडेच बघत होतो. तात्यांकडे कुणी बघितलेच नव्हते.

आत्याबाई म्हणाल्या, “हे पुस्तक तिकडं दिऊ नगा. बांदावरनं तर झालंच, आता फोटूतनं बी काडलं म्हंतील.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्या घराने स्टुलावर चढून फोटो काढून दिला, त्याच घरातला माणूस आम्ही कापला होता. चूक यंत्राची म्हणावी, तर ‘मंजूर’ वर बोट आमचे होते.

मुलीने कंपनीला लिहिले. उत्तर आले, गिऱ्हाइकाने मंजूर केलेला माल परत घेतला जात नाही. मग तिने दोन गोष्टी वेगळ्या केल्या. कापलेला फोटो ही आमची चूक, ती कबूल. पण मोडलेली अक्षरे ही तुमची. मंजुरीच्या वेळी तिने पडद्याचा फोटो काढून ठेवला होता. तो आणि छापील पान शेजारी शेजारी ठेवून तिने पाठवले. सोबत लिहिले की २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याच्या आत व्हायला हवे, नाहीतर ग्राहक हेल्पलाइन १९१५ कडे जाऊ. भांडण नाही, शिवी नाही. नवव्या दिवशी कंपनीने एक प्रत फुकट छापून द्यायचे मान्य केले आणि दुरुस्त पाने मागवली. दुसरी प्रत आम्ही पैसे भरून घेतली.

या वेळी नावे चित्राच्या रूपाने चढवली, म्हणजे वेलांटी हलणार नाही. बेंदराचा फोटो दोन पानांवर पसरावा असे मुलगा म्हणाला, पण मग शिवणीत बैलांची तोंडे गेली असती. शेवटी एकाच पानावर, वर-खाली पांढरी जागा सोडून, आख्खा फोटो बसवला. थोडा लहान झाला. पण दोन्ही भाऊ आले.

दुसरी प्रत घेऊन मी पुन्हा त्या दारात गेले. या खेपेला भाऊजी घरात होते. “या वैनी,” एवढेच म्हणाले. पुस्तक घेतले, जमिनीवर बसून एकेक पान उलटले आणि बेंदराच्या पानावर बराच वेळ थांबले. जाऊबाईंनी विचारले, “लई दिवस लागलं?” खोटे बोलावेसे वाटेना. म्हटले, “पहिल्या पुस्तकात तात्या कापले गेले होते. आमचं लक्ष नव्हतं. म्हणून पुन्हा छापून घेतलं.”

भाऊजींनी मान वर केली. “कापलं हुतं म्हणून दुसरं केलंसा?”

“व्हय,” मी म्हटले.

ते काही बोलले नाहीत. पण २०२४ च्या बेंदराला संध्याकाळी नातवाचा हात धरून ते आमच्या उंबऱ्यात उभे राहिले. म्हणाले, “मोठ्या आईच्या पाया पडायला आलोय.” आमचे मालक खाटेवरून उठले आणि त्यांनी घोंगडे सरकवून जागा केली. दोघे उसाच्या भावाविषयी बोलले. बांधाचा विषय दोघांनीही काढला नाही.

वाचकहो, दोन सऱ्यांचा प्रश्न अजून तसाच आहे. पुस्तकाने बांध हलत नाही. पण बोलणे सुरू झाले आहे, आणि मोजणी पुन्हा मागवायची तर दोघांनी मिळून मागवू, असे आमचे मालक परवा आपणहून म्हणाले.

तुम्ही पुस्तक छापा किंवा न छापा, चौदाशे रुपये सगळ्यांपाशी नसतात. पण या रविवारी पेटी उघडा. घरातल्या सर्वांत वडील माणसापाशी बसा आणि प्रत्येक फोटोच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने नावे लिहा. मग प्रत्येक फोटोची एक प्रत दुसऱ्या घरी देऊन ठेवा. ज्यांच्याशी बोलणे नाही, त्यांच्या घरीसुद्धा. आणि पुस्तक छापायला दिलेत, तर मंजुरीचे बोट ठेवण्याआधी पानाच्या कडा बघा. आपले माणूस मध्ये नीट आले का, हे सगळेच बघतात. कडेला कोण कापले जात आहे, तेही बघा.