डबा आणायला चर्चगेटला

मैत्रिणींनो, खरं सांगायचं तर त्या शनिवारी मी घरात खोटं बोलले. ‘जरा चर्चगेटला जाऊन येते, स्टीलचा एक डबा बघायचाय,’ असं म्हणून चपला घातल्या. सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘भाईंदरात राहून डबा आणायला चर्चगेटला? बरं बाई!’

चोरी तिथंच पकडली गेली. कारण आमचं भाईंदर म्हणजे स्टीलच्या भांड्यांचं माहेरघर. पूर्वेला जरा आत शिरलं की कारखान्यांचे गाळे लागतात. दुपारच्या शाळेवर जाताना माझी वाट तिथूनच आहे. पत्र्याची गोल चकती, तिला ‘सर्कल’ म्हणतात, प्रेसखाली जाते आणि पातेल्याचा आकार घेऊन बाहेर येते. भांडं खोल करायचं तर दाबून दाबून पत्रा कडक होतो, चिरायची भीती असते. मग त्याला भट्टीत तापवून नरम करतात आणि पुन्हा दाबतात. शेवटी पॉलिश. पॉलिशवाल्यांचे चेहरे काळेठिक्कर, आणि हातातलं भांडं मात्र आरशासारखं! तुमच्या फळीवरचा एखादा डबा इथलाही असेल.

मग मी चर्चगेटला का निघाले होते? त्याचं असं झालं. शाळेत मुलींना कर्तबगार स्त्रियांची माहिती सांगायची होती. शोधता शोधता एक नाव सापडलं, पिलू पोचखानवाला. मुंबईच्या शिल्पकार. जन्म १९२३चा. शिक्षण कॉमर्सचं, नोकरी जाहिरात क्षेत्रातली. १९५१ साली युरोपला गेल्या, तिथली आधुनिक शिल्पं पाहिली आणि परत आल्यावर शिल्पकलेकडे वळल्या. तेव्हा वय अठ्ठावीसच्या आसपास. मार्गदर्शन घेतलं ते शिल्पकार ना. ग. पानसरे यांचं. पुढं या बाईंनी लोखंडाचे, स्टीलचे तुकडे, भंगारातला माल वेल्डिंगनं जोडून शिल्पं केली. त्यांच्या कितीतरी शिल्पांत ना राजा, ना देव, ना घोडा. नुसते आकार.

वेल्डिंग करणारी बाई! आमच्या गल्लीत वेल्डिंगच्या ठिणग्या मी रोज बघते, पण बाईच्या हातात ते यंत्र कधी पाहिलं नव्हतं. मनात आलं, हे काम एकदा डोळ्यांनी बघायलाच हवं. पण घरी काय सांगणार? लग्नाला अकरा वर्षं झाली. दवाखाना, लग्नकार्य, खरेदी, मुलांची शाळा, यांखेरीज मी एकटी कधी गाडीत बसलेच नव्हते. काही कामच नसताना बाहेर पडायचं, ते सांगायला जीभ रेटेना. म्हणून तो डबा!

चर्चगेटहून चालत हुतात्मा चौक गाठला. महात्मा गांधी रस्त्यावर न्यू इंडिया अॅश्युरन्सची इमारत आहे, १९३०च्या दशकातली. तिच्या दर्शनी भागावरच्या उंचच उंच आकृती पानसरे यांच्याच. म्हणजे आधी गुरूचं दर्शन. तिथून सरळ पुढं गेलं की राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय. ही वास्तू १९११ सालची, पूर्वीचा कावसजी जहांगीर हॉल. तिथं कलेचं संग्रहालय व्हावं म्हणून जी मंडळी झटली, त्यांत पिलूबाईही होत्या. त्या १९८६ साली गेल्या आणि संग्रहालय उघडलं १९९६ साली. लावलेल्या झाडाची फळं त्यांना बघायला मिळाली नाहीत. (तुम्ही गेलात तर एक लक्षात ठेवा, सोमवारी बंद असतं.)

त्याच परिसरातल्या एका प्रदर्शनात त्यांचं एक शिल्प होतं. खोटं कशाला बोलू, पहिली पाच मिनिटं मला ओ की ठो कळलं नाही. हे काय आहे, याचा उपयोग काय, हेच डोक्यात. मग माझं लक्ष जोडांकडे गेलं. वेल्डिंगचे वण तसेच ठेवले होते, पॉलिश करून लपवले नव्हते. आमच्या गाळ्यांत पत्र्याला वाकवतात ते कशासाठी तरी, कधी डाळीसाठी, कधी दुधासाठी. इथं तोच धातू कुणासाठीच वाकलेला नव्हता. तो नुसता उभा होता, आणि तरी हलावंसं वाटेना. घड्याळ पाहिलं तर अर्धा तास गेला होता.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. ‘आणलास का डबा?’ सासूबाईंनी विचारलं. मी सगळं खरं सांगून टाकलं. हाजी अलीच्या चौकात याच बाईंचं ‘स्पार्क’ नावाचं मोठं शिल्प होतं, तेही सांगितलं.

सासूबाईंचे हात थांबले. ‘ते लोखंडी? अगं, मी बघितलंय की! आम्ही वरळीला होतो तेव्हा बसमधून जाताना रोज दिसायचं. कशाचं आहे ते कधी कळलं नाही.’

‘आता नाही ते तिथं. हलवलं.’

‘ठाऊक आहे. एकदा गेले तर नव्हतंच. चौक कसा भुंडा वाटला. कुणाला विचारणार? ज्याचा काही उपयोग नाही ते कुठं गेलं, म्हणून का कुणी विचारतं?’

मी काहीच बोलले नाही. त्यांनी सोललेले दाणे पातेल्यात ओतले आणि कुकरकडे वळता वळता म्हणाल्या, ‘पुढच्या खेपेला डबा आणायला जाशील तेव्हा मलाही ने. एकटीला झाकण उचलायचं नाही.’