चाल हरवलेली चोपडी

नंदू भेंडे हे नाव मला ठाऊक होते ते पु. लं.च्या १९७८ सालच्या ‘तीन पैशाचा तमाशा’मुळे. हेच गृहस्थ त्यापूर्वी मुंबईत ‘सॅव्हेजेस’, ‘व्हेल्व्हेट फॉग’ अशा बँडांतून इंग्रजी रॉक गात, हे कळले आणि मी चाटच पडलो! मग चिखलीच्या एस. टी.त, मोबाईलच्या वायरी कानांत खुपसून, त्या पिढीचा शोध सुरू झाला.

१९७० आणि १९७१ साली एका सिगारेटच्या जाहिरातीसाठी अखिल भारतीय ‘सिमला बीट’ स्पर्धा झाल्या. कोलकाता, मद्रास, शिलाँगची पोरे त्यांत उतरली. निवडक गाण्यांच्या तबकड्या निघाल्या नि विस्मृतीत गेल्या. काही गाण्यांत साहेबाची नक्कल उघड दिसते. पण आवेश केवढा! मुंबईच्या ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’ची तबकडी तर २०११ मध्ये अमेरिकेतील कंपनीने पुन्हा काढली.

हे सारे ऐकताना आठवत राहिला तो मेहकरकडचा आमच्या आजोबांचा कलगी-तुऱ्याचा फड. ते तुरेवाले. डफ-तुणतुण्यावर रात्र रात्र सवाल-जबाब रंगत म्हणे. त्यांची चोपडी घरी आहे. शब्द लागतात, चाल लागत नाही. सिगारेट खपविण्यासाठी का होईना, त्या पोरांपुढे कुणी ध्वनिमुद्रक ठेवला. आजोबांपुढे होता तो फक्त कंदील.

फडातले एकच झीलकरी आज हयात आहेत, नव्वदीपुढचे. दिवाळीत चोपडी घेऊन गेलो. दोन ओळी त्यांनी मोबाईलपुढे खणखणीत म्हटल्या, मग खोकल्याची उबळ आली. बाकीच्या पानांसाठी त्यांनी ‘संक्रांतीला ये’ म्हणून सांगितले आहे.