न हलणाऱ्या हाताचे अक्षर

मानेपाशी मज्जारज्जूला इजा होऊन हातपाय लुळे पडले, की हालचालीची प्रेरणाही विझते, असा आपला समज असतो. तो खरा नाही. मेंदू निरोप धाडीतच असतो. वाट तेवढी मध्ये खचलेली असते. मेंदू आणि संगणक जोडण्याचे नवे शास्त्र याच गोष्टीवर उभे आहे.

२००४ साली अमेरिकेत मॅथ्यू नेगल या तरुणाच्या मेंदूत ९६ सूक्ष्म विद्युत्-अग्रे बसवण्यात आली आणि केवळ मनाने तो संगणकाच्या पडद्यावरील बाण सरकवू लागला. मला अधिक विस्मय वाटला तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्टॅनफर्डच्या प्रयोगाचा. २००७ पासून लुळ्या असलेल्या एका गृहस्थांना, आपण लेखणीने लिहीत आहोत, अशी कल्पना करायला सांगितले. मेंदूतील स्पंदनांवरून यंत्राने मिनिटाला सुमारे ९० इंग्रजी अक्षरे ओळखली. हात निश्चल, पण अक्षराचे वळण शाबूत! पाटीवर मुळाक्षरे गिरवून घेणाऱ्या आमच्या गुरुजींना हे कळायला हवे होते.

मग मनातील गुपितांचे काय? पापनिवेदन ऐकणाऱ्या माझ्यासारख्याला हा प्रश्न सुटणारा नव्हता. २०२५ मध्ये संशोधकांना मनातल्या मनात उच्चारलेले शब्दही काही प्रमाणात ओळखता आले. त्यांनीच एक कुलूपही सुचवले: रुग्णाने ठरावीक वाक्य मनात आणल्यावाचून यंत्राने ऐकायला सुरुवात करायची नाही. किल्ली त्याच्याच हाती ठेवण्याची ही दक्षता मला यंत्राहून मोलाची वाटते.

हे सारे अजून मोजक्या रुग्णांवरील प्रयोगांच्या अवस्थेत आहे. आमच्या गोंदियाच्या धानपट्ट्यात घरभेटीला गेलो, की खाटेवरच्या माणसाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा दुसरेच कोणी देते. एका घरी मात्र निराळे पाहिले. पक्षाघाताने वाचा गेलेल्या सासऱ्यांसमोर सुनेने मुलाचा वर्णमालेचा तक्ता धरला होता. ती अक्षरांवरून बोट फिरवी. हव्या त्या अक्षरावर ते डोळे मिटत.

“फादर, अर्धा तास लागला,” ती म्हणाली, “पण मामाजींनी विचारलंच, बांधीत पाणी आहे का म्हणून.”

उत्तर तिने मला नव्हे, त्यांना दिले. तक्त्याचा ‘ळ’ असलेला कोपरा फाटला आहे. तिथे ते ‘ल’वर डोळे मिटतात.