मॉडेल, डास आणि आमचं चिरनेर

मॉडेल म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? रॅम्प, कॅमेऱ्यांचे फ्लॅश, साइज झिरो... बरोबर? माझं मॉडेल जरा वेगळं आहे. ते कॉम्प्युटरमध्ये राहतं, त्याला सतत आकडे खायला लागतात आणि त्याचा अंदाज हुकला की बॉसचा चेहरा बघण्यासारखा होतो! मी एका विमा कंपनीत ॲनालिस्ट आहे. पुढच्या तीन महिन्यांत किती क्लेम येतील याचा अंदाज बांधायचा, हे माझं काम. सोम ते शुक्र ऐरोलीचं ऑफिस, रात्री खारघरचा शेअरिंगमधला फ्लॅट आणि वीकएण्डला घरी, म्हणजे चिरनेरला.

चिरनेर हे उरण तालुक्यातलं गाव, पनवेलपासून फार लांब नाही. (अटल सेतू उतरतो ते चिर्ले, हे चिरनेर. ऑफिसमध्ये हे मी किती वेळा सांगितलंय!) महागणपतीचं देऊळ आणि २५ सप्टेंबर १९३० चा जंगल सत्याग्रह ही आमची ओळख. त्या दिवशी पोलिसांच्या गोळीबारात जे पडले, त्यांची नावं गाव अजून विसरलेलं नाही.

गेल्या वर्षी त्याच सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आत्याला ताप भरला. डोळ्यांच्या मागे ठणका, हाडं मोडल्यासारखं अंग. ‘‘पावसापाण्याचे दिवस आहेत गो, होतं असं,’’ म्हणत तिने दोन दिवस अंगावर काढले. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात झटपट किटवर डेंग्यू निघाला. प्लेटलेट्स चाळीस हजारांवर आल्या तेव्हा तिला पनवेलला ॲडमिट केलं. पाच दिवस मी तिच्या पलंगाशेजारी होते. मांडीवर लॅपटॉप, समोर सलाईन. ऑफिसचं काम संपलं की वाचन, आणि वाचायला घेतलं काय, तर डासांचं गणित! सवय हो, दुसरं काय?

तर या गणिताचा मूळपुरुष आहे रोनाल्ड रॉस. जन्म अल्मोड्याचा, पेशाने लष्करी डॉक्टर. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत त्याला डासाच्या पोटात हिवतापाचा परोपजीवी सापडला. १९०२ मध्ये नोबेल मिळालं. एवढं आपण शाळेत शिकलेलो असतो. पण हा माणूस कवितांइतकाच गणिताचाही वेडा होता, हे कुणी सांगत नाही. ‘जगातले सगळे डास मारणं अशक्य, मग हिवताप जाणार कसा?’ असा प्रश्न लोक त्याला विचारायचे. त्याने उत्तर समीकरणांतून दिलं. माणसं किती, डास किती, त्यातले चावणारे किती, हे सगळं मांडून त्याने दाखवलं की सगळे डास मारायची गरजच नाही. त्यांची संख्या एका मर्यादेखाली आणली की एक रोगी पुढे सरासरी एकालाही आजार देऊ शकत नाही आणि साथ आपोआप विझत जाते. १९०८ मध्ये मॉरिशससाठी लिहिलेल्या अहवालात आणि नंतर १९१० च्या पुस्तकात त्याने हा हिशोब मांडला.

पुढे १९५० च्या दशकात जॉर्ज मॅकडोनाल्डने यात आणखी एक गंमत दाखवली. हिवताप असो की डेंग्यू, डास रोग्याला चावला की लगेच धोकादायक होत नाही. जंतू त्याच्या अंगात मुरायला साधारण आठ ते बारा दिवस लागतात. म्हणजे धोका फक्त म्हाताऱ्या डासापासून! आता हिशोब करा. रोज शंभरातले नव्वद डास जगत असतील, तर दहा दिवसांनी पस्तीस उरतात. हेच रोजचं प्रमाण ऐंशीवर आणलं तर? उरतात जेमतेम अकरा. रोजचा फरक दहाचा, पण दहा दिवसांनी धोकादायक डास एक तृतीयांशाच्याही खाली. घराच्या भिंतींवर डीडीटी मारण्यामागे हेच गणित होतं.

ते चाललंही. स्वातंत्र्याच्या वेळी भारतात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप व्हायचा असा अंदाज आहे. १९५३ मध्ये देशव्यापी कार्यक्रम सुरू झाला आणि १९६५ पर्यंत आकडा एक लाखाच्या आसपास आला. मग? डास डीडीटीला सरावले, गावोगाव ताप शोधून रक्ताच्या काचपट्ट्या घेण्याचं काम ढिलं पडलं आणि १९७६ मध्ये आकडा पुन्हा ६४ लाखांवर! समीकरण तेच होतं. मोजणारे हात थकले होते.

आता आजच्या काळात या. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेतल्या सोफिया याकोब, रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याचे पाऊस, तापमान, आर्द्रता आणि डेंग्यूच्या मृत्यूंचे आकडे एकत्र ठेवून मॉडेल बनवलं. ते जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालं. तापमान २७ अंशांच्या वर, आर्द्रता ६० ते ७८ टक्के आणि पाऊस मध्यम, पण सगळीकडे पसरून पडणारा... असं जमलं की डेंग्यू वाढतो. उलट आठवड्यात १५० मिलिमीटरहून जास्त कोसळला तर अंडी-अळ्या वाहून जातात आणि धोका घटतो. या मॉडेलच्या जोरावर दोन महिने आधी इशारा देता येतो, असं त्यांचं म्हणणं. दोन महिने! आत्याच्या पलंगाशी बसून हे वाचताना पोटात कालवलं. जुलैच्या शेवटी कुणी सांगितलं असतं, तर?

पण पुण्याचं गणित उचलून चिरनेरला लावता येत नाही. आमचा पाऊस वेगळा, समुद्राची दमट हवा वेगळी आणि उरण तालुक्यात कंटेनर यार्ड आणि ट्रकचे पडीक टायर जागोजागी. टायरमध्ये साचलेलं पाणी म्हणजे डेंग्यूच्या डासाचं थ्री बीएचके! आमचं मॉडेल आमच्याच आकड्यांवर बनायला हवं. आणि ते आकडे कुठे आहेत?

आत्या घरी आल्यावर मी आमच्या आशाताईंना विचारलं. त्यांच्या यादीत आमच्या आळीत एकही डेंग्यूचा पेशंट नव्हता. आत्याचं निदान दोन्हीकडे झटपट किटवर झालेलं. सरकारी हिशोबात पक्की केस धरायची तर एलायझा चाचणी लागते आणि ती कुणी केलीच नव्हती. दवाखान्यातून वर काही कळवलंही नव्हतं. केस नाही, म्हणून घरोघर पिंपं तपासायला कुणी आलं नाही. तीन आठवड्यांनी शेजारच्या काकूंचा नातू तापाने फणफणला. तो सहा वर्षांचा आहे. बरा झाला, पण त्या चार रात्री काकू झोपल्या नाहीत.

हे फक्त आमच्या आळीचं रडगाणं नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २००६ ते २०१२ या काळाचा हिशोब आहे. देशात डेंग्यूच्या नोंदी वर्षाला सरासरी वीस हजारांच्या आसपास, तर प्रत्यक्ष रुग्णांचा अंदाज सुमारे ५८ लाख. म्हणजे २८२ पट! क्लेमचा डेटा एवढा फाटका घेऊन मी मीटिंगला गेले, तर मला कुणी खुर्चीवर बसूही देणार नाही.

म्हणून सांगते, ताप आला की पॅरासिटामॉल घेऊन लॅपटॉप उघडू नका. रक्त तपासा. किट पॉझिटिव्ह आली तर डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा: एलायझा कुठे होईल, आणि हे सरकारी यादीत कळवणार ना? आणि रविवारी फक्त दहा मिनिटं काढा. कुंडीखालची ताटली, फ्रिजमागचा ट्रे, पाण्याचं पिंप रिकामं करून घासून कोरडं करा. डेंग्यूच्या डासाला अंड्यातून उडायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणून ‘कोरडा दिवस’ आठवड्यातून एकदा. सगळे डास मारायचे नाहीत, हे रॉसने सांगून ठेवलंच आहे.

आमच्या आळीत आता एक वही आहे. ताप कुणाला, कधी आला, कुठली तपासणी झाली... सगळं तारखेसह. दर शनिवारी मी ती शीटमध्ये उतरवते आणि रविवारी आशाताईंना देते. मॉडेल बनवण्याएवढा डेटा व्हायला अजून बरेच पावसाळे जातील. पहिल्या पानावर आत्याचं नाव आहे. ते तिने स्वतःच्या हाताने लिहिलंय.