धरून ठेवलेले पुडके

नवरात्र संपले की आमच्या घरी झाडझुडीला जोर चढतो. सौ. माळ्यावरचे डबे खाली काढू लागते आणि मी, 'मलाही माझी साफसफाई आहे,' असे म्हणून संगणकापुढे जाऊन बसतो. २०२५ सालच्या दिवाळीआधी मात्र ही सबब माझ्या चांगलीच अंगाशी आली.

माझ्या संगणकावर लिनक्स आहे. लिनक्सच्या गोतावळ्यातले 'डेबियन' हे माझे घराणे. १९९३ साली इयान मर्डॉक नावाच्या तरुणाने ते सुरू केले आणि बारशाच्या वेळी आपल्या मैत्रिणीचे, म्हणजे पुढे त्याची पत्नी झालेल्या डेब्राचे, नाव आधी घालून आपले मागून जोडले. (हे ऐकल्यापासून आमच्या घरात डेबियनला विशेष मान आहे.) त्याच्या प्रत्येक आवृत्तीला 'टॉय स्टोरी' चित्रपटातल्या एखाद्या पात्राचे नाव देतात. माझ्याकडची बारावी, 'बुकवर्म'. पुस्तकी किडा! मराठीच्या प्राध्यापकाला याहून शोभणारे नाव कोठून मिळायचे? पण ऑगस्ट २०२५ मध्ये तेरावी, 'ट्रिक्सी' आली आणि आपणही नव्या घरात राहायला जावे, असे माझ्या मनाने घेतले.

वाचकहो, लिनक्समध्ये प्रत्येक सामान पुडक्यात बांधून येते. त्याला पॅकेज म्हणतात. प्रत्येक पुडक्याला एक चिठ्ठी डकवलेली असते: अमुक आला तरच मी येईन, तमुक असेल त्या मांडवात मी पाऊल टाकणार नाही, आणि फलाणा आला तर बरे, न आला तरी रुसणार नाही. लग्नघरात वावरलेल्या माणसाला हे निराळे समजावून सांगायला नको. आमच्याकडे दोनशे पाहुण्यांचे मानपान सांभाळताना मामांचे डोके उठले होते. ट्रिक्सीच्या भांडारात सुमारे ७०,००० पुडकी आहेत! माझ्या संगणकावर त्यांतली दोन-अडीच हजारच असतील, पण त्यांचे रुसवेफुगवे जुळवणे हे काही पोरखेळाचे काम नव्हे. स्टीफन कुक यांनी १९७१ साली ज्या कोड्याची अवघडता सिद्ध केली, त्याच जातीचे हे कोडे आहे. ते सोडवायला 'ॲप्ट' नावाचा एक कारभारी असतो आणि एरवी तो बिचारा तक्रार करीत नाही.

त्या दिवशी त्याने केली. यादीतला 'बुकवर्म' खोडून मी 'ट्रिक्सी' लिहिले, आज्ञा दिली, आणि कारभाऱ्याने हात वर केले. त्याच्या इंग्रजी निरोपाचा मराठी मतलब असा: 'हे मला निस्तरता येत नाही. तुम्ही मोडकी पुडकी धरून बसला आहात.'

मी? मी काय धरून बसलो आहे? पुण्याला इंजिनिअरिंगला असलेल्या कन्येला फोन लावला.

"बाबा, हे तो पुष्कळदा उगाचच म्हणतो. तरी एकदा 'ॲप्ट-मार्क शोहोल्ड' करून बघा."

मी ती आज्ञा दिली. पडद्यावर एकच नाव उमटले आणि मी गप्प झालो.

आमच्या अण्णांनी निवृत्तीनंतर आपल्या आठवणी संगणकावर लिहिल्या होत्या. तो जुन्या फाँटांचा काळ. तेव्हाचे मराठी अक्षर म्हणजे इंग्रजी अक्षराला नेसवलेले देवनागरी लुगडे! फाँट गेला की खाली नुसती अगम्य चिन्हे उरतात. शिवाय त्या फाँटात जे जसे दिसते तसेच टंकायचे, म्हणून ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा, म्हणून ती मागून. रफाराचे याच्या उलट. माझ्या एका विद्यार्थ्याने दोन सुट्ट्या खर्चून अण्णांच्या फाँटासाठी एक रूपांतरक तयार केला होता. इतर रूपांतरक 'आचाऱ्यांना' या शब्दाचे 'आचार्यांना' करून टाकीत आणि अण्णांच्या आठवणींत स्वयंपाकी तेवढे विद्वान होत. याने ते कधी केले नाही. २०२३ साली ते पुडके देताना तो म्हणाला होता, "सर, हे आपोआप बदलू देऊ नका," आणि त्याने सांगितलेली 'होल्ड'ची आज्ञा मी स्वतःच्या हाताने दिली होती.

त्या पुडक्याची चिठ्ठी सांगत होती, मला 'पायथन' ३.१२ च्या खालचाच हवा. बुकवर्ममध्ये होता ३.११. ट्रिक्सीमध्ये आहे ३.१३, आणि नव्या मंडळींना तोच हवा. पायथनच्या गादीवर एका वेळी एकच बसणार.

मी होल्ड काढला. कारभारी लगेच खुलला. नव्या पाहुण्यांची लांबलचक यादी त्याने वाचली, आणि त्याआधी 'पुढील पुडकी काढून टाकली जातील' या मथळ्याखाली, इतर पाचपन्नास नावांत, रूपांतरकाचे नाव. शेवटी प्रश्न: पुढे जाऊ? एक 'वाय' दाबायचा अवकाश!

"बाबा, दाबू नका! आजोबांच्या फायली झाल्या का सगळ्या?"

झाल्या नव्हत्या. सत्तावीसपैकी नऊ. अण्णा जाऊन सहा वर्षे झाली, रूपांतरक येऊन दोन. दर सुट्टीत मी म्हणे, आता बसायचे. पेपर तपासायचे असत, चर्चासत्रे असत. खरे म्हणजे त्या पानांपुढे बसण्याचा मला धीर होत नसे.

"जुने घर नव्या घराच्या पोटात बांधता येते, व्हर्च्युअल मशीन म्हणतात," कन्या म्हणाली. "पण तुम्ही मग आणखी दोन वर्षे लावाल."

मी 'एन' दाबला. पुढच्या चार रात्री अठरा फायली रूपांतरित केल्या, एकेक उघडून वाचली, आणि दोन पेनड्राइव्हवर उतरवून एक सौ.च्या कपाटात ठेवला. पाचव्या दिवशी आधी '-एस' लावून नुसती रंगीत तालीम घेतली, यादी अथपासून इतिपर्यंत वाचली आणि मग 'वाय' दाबला. तासाभराने ट्रिक्सी उभी राहिली. रूपांतरक गेला होता.

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी नव्या घरात पहिली फाईल उघडली ती आत्याच्या लग्नाची. सौ. कणिक भिजवीत होती. तिला मोठ्याने वाचून दाखवू लागलो. 'आचाऱ्यांना पंधरा रुपये दिले,' या वाक्याशी आलो. आचारी आचारीच राहिले होते.

"पंधरा?" सौ. कणकेचे हात तसेच धरून दारात आली. "मला तर अण्णा दर वेळी वीस सांगायचे."