नऊ इंचांचं स्टूल

आईचे गुडघे कुरकुरायला लागले ते 2023च्या दिवाळीनंतर. ती रोज सकाळी पाऊण तास देवापुढे बसते. बसायला जमायचं, पण उठताना एक हात भिंतीला आणि दुसरा देवघराच्या कडेला. डॉक्टर म्हणाले, खाली बसणं बंद. खुर्चीवर बसलं तर देव कुठेतरी पायाशी जातात, आणि बाजारात मिळणारं प्लॅस्टिकचं स्टूल एकतर फार उंच नाहीतर फार बुटकं. आईने हातानेच माप दाखवलं, "एवढं हवं." मी टेप लावली. नऊ इंच.

आता नऊ इंचांच्या स्टुलात असं काय आहे? एक फळी, चार पाय. सोळा वर्षं सॉफ्टवेअर लिहून पोट भरणाऱ्या माणसाला हे जमू नये? म्हटलं, एका शनिवारचं काम. (इथे अनुभवी वाचकांनी हसून घ्यावं. "एका दिवसाचं काम आहे" हे वाक्य आमच्या धंद्यात ज्याने ज्याने उच्चारलं, त्याचं पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.)

ऑफिसात आलेल्या एका मशीनच्या खोक्याच्या पाइनच्या पट्ट्या फुकट मिळाल्या. करवत, हातोडी, ड्रिल आणि स्क्रूचा एक डबा आणला. छत्तीस इंचांहून थोडी लांब अशी एक पट्टी घेतली, तिच्यावर नऊ, अठरा, सत्तावीस आणि छत्तीस अशा चार रेघा एकदमच मारल्या, आणि प्रत्येक रेघेच्या पलीकडून कापत गेलो. गणित चोख होतं. फक्त एक गोष्ट गणितात नव्हती: करवत स्वतःसुद्धा लाकूड खाते. माझी करवत प्रत्येक कापाला साधारण अर्धं सूत भुसा करत होती. (सुतारांच्या भाषेत इंचाचे आठ सूत.) त्यामुळे पहिला पाय बरोबर नऊ इंच आणि पुढचे तिन्ही अर्धं अर्धं सूत आखूड.

स्टूल जोडलं. ते डुगडुगायला लागलं. आधी मी फरशी तपासली. नाचता येईना अंगण वाकडं! मग लांब पाय थोडा कापला. जरा जास्तच कापला गेला. मग बाकीचे तीन कापले. रविवारी रात्री स्टूल सव्वाआठ इंचांवर येऊन थांबलं आणि डुगडुग सहन होण्याइतकी कमी झाली. बायको म्हणाली, "अजून दोन रविवार दे, पाट होईल." मी वार्निश मारलं आणि स्टूल देवघरात नेऊन ठेवलं.

इथपर्यंतची गोष्ट मी ऑफिसात बऱ्याच जणांना सांगितली आहे, लोक हसतात. पुढची सांगत नाही.

जानेवारीत एका सकाळी धप्प असा आवाज आला. आई बसता बसता डाव्या बाजूचा पाय निखळला होता. तिने पडताना हात टेकला होता. एक्स-रेमध्ये हाड शाबूत निघालं, पण मनगट सुजलं आणि तीन आठवडे पट्टी. आई म्हणाली, "अरे, मीच जरा जोरात बसले." हे ऐकून मला जास्त वाईट वाटलं. कोडमधली चूक आजवर मी नंतर दुरुस्त करून टाकत आलो होतो. कुणाचं तरी बिल चुकतं, पान उघडत नाही, मग आपण माफी मागतो. माझ्या चुकीमुळे माणूस खाली पडलेला मी प्रथमच पाहिला, आणि ती माझी आई होती.

मी हत्यारं माळ्यावर टाकली.

ती खाली आली फेब्रुवारीत. आमच्याच इमारतीत एका फ्लॅटचं फर्निचरचं काम चालू होतं. तिथले मिस्त्री साठीच्या पुढचे, मूळचे कोकणातले. जिन्यात ठेवलेलं ते मोडकं स्टूल त्यांनी येता जाता पाहिलं आणि एक दिवस विचारलं, "साहेब, हे कुणी केलं?" मी कबुली दिली. त्यांनी निखळलेला पाय हातात घेतला, स्क्रूचं भोक बघितलं आणि म्हणाले, "पायाच्या डोक्यात स्क्रू मारलात. तिथे तो धरणार कशाला?"

मग त्यांनी समजावलं. लाकूड म्हणजे उभ्या काड्यांची जुडी. काड्यांना आडवा स्क्रू मारला तर तो काड्यांमध्ये अडकून बसतो. पट्टीच्या कापलेल्या तोंडातून, म्हणजे काड्यांच्या दिशेनेच मारला, तर तो काड्या बाजूला सारत आत जातो आणि जरा हिसका बसला की तसाच बाहेर येतो. माझे चारही पाय असे उभे होते. पडलं नसतं तरच नवल.

"मग कसं करायचं, मिस्त्री?"

"कुसू काढा, खाच पाडा. पण आधी पटाशीला धार लावायला शिका. उरलेलं नंतर."

पुढचे दोन महिने शनिवारी मी फक्त धार लावली. नवी पटाशी दुकानातून येते ती धारदार नसते, हेच मला ठाऊक नव्हतं. पाठ सपाट करायची, पुढचा उतार साधारण पंचवीस अंशांचा ठेवायचा आणि अगदी टोकाला तीस. ग्राइंडरवर जास्त वेळ धरली तर पोलाद तापून निळं पडतं, मग त्या भागाचं पाणी उतरतं आणि धार टिकत नाही. एक पटाशी मी अशी घालवलीही. धार आली की नाही ते मिस्त्री पाइनच्या कापलेल्या तोंडावर बघायचे. मऊ लाकूड तिथे बोथट पटाशीने चेंगरतं, धारदार पटाशीने काचेसारखं कापलं जातं. खोक्याच्या त्याच फुकट पट्ट्यांवर मी निदान तीस सांधे केले. पहिल्या दहांत खाच एवढी मोठी, की कुसू आत गेल्यावर वाजायचं. मग उलटं झालं, मोगरीने ठोकून बसवायला गेलो तर लाकूड उभं फाटलं. हळूहळू कळलं की कुसू लाकडाच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश ठेवायचं, करवत रेघेच्या बाहेरून चालवायची आणि उरलेलं पटाशीने तासत आणायचं. कमी कापलेलं अजून कापता येतं. उलट होत नाही. इथे अनडू नाही.

रंध्याचंही तेच. एका बाजूने ढकलला तर रेशमासारखा पापुद्रा निघतो, त्याच फळीवर दुसऱ्या बाजूने ढकलला तर लाकूड उपटून येतं. लाकडाच्या रेषा कुठे चढतात ते आधी फळीच्या कडेला बघायचं.

ऑगस्टमध्ये भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून साग आणला. भाव घनफुटात ऐकून आधी घाम फुटला, मग लक्षात आलं की आपल्याला लागणार किती! या वेळी चारही पाय एकत्र बांधून गुण्याने एकच रेघ चौघांवर मारली. सांधे कुसवाचे. फेविकॉल लावून रात्रभर क्लॅम्पमध्ये. स्टूल उभं राहिलं, डुगडुगलं नाही. आधी आठवडाभर मी बसलो, अठ्ठ्याहत्तर किलो, मुद्दाम आदळून. मगच ते देवघरात गेलं.

आणि पुढच्या एप्रिलमध्ये, 2025 साली, वरची फळी फाटली. उभी, लांब, सरळ चीर.

ही चूक मात्र मला आवडली, कारण तिचं कारण हिशेबाने सापडलं. लाकूड हवेतल्या ओलाव्याने फुगतं आणि आकसतं, पण लांबीत जवळजवळ नाही, रुंदीत. सागासारखं शांत लाकूडही पुण्याच्या भर पावसापासून कोरड्या उन्हाळ्यापर्यंत दहा इंच रुंदीत अर्ध्या सुताहून थोडं जास्त हलू शकतं. मी ऑगस्टमध्ये, म्हणजे ते फुगलेलं असताना, खालच्या आडव्या पट्ट्यांना ती फळी फेविकॉल आणि स्क्रूने घट्ट जखडली होती. एप्रिलमध्ये तिला आकसायचं होतं आणि जागाच नव्हती. मजबूत करण्याच्या नादात मी तिला मोडायला लावलं. नव्या फळीला फेविकॉल लावला नाही, आडव्या पट्ट्यांत स्क्रूची भोकं लांबट ठेवली, म्हणजे फळी हवी तेवढी सरकेल. त्यानंतर एक पावसाळा आणि एक हिवाळा गेला, चीर नाही.

मिस्त्रींना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं: "पायाच्या कडा मारा. आईंना लागतील." दीड वर्षाच्या शिक्षणाचं हे प्रशस्तिपत्रक! कडा मारल्या.

आई आता त्याच स्टुलावर बसते. पण अजूनही, रोज, बसायच्या आधी वाकून एक हात फळीवर ठेवते आणि स्टूल जरा हलवून बघते. सुरुवातीला मला ते टोचायचं. म्हणायचो, "अगं आई, नाही मोडणार आता." परवा म्हणायला गेलो आणि थांबलो. एकदा पडलेल्या माणसाने तपासून बघावं, यात माझा अपमान काय आहे? उलट ते मी करायला हवं होतं, 2023 सालीच.

असो. पुढच्या शनिवारी देवघराचं दार. बिजागऱ्या आणल्या आहेत. एका शनिवारचं काम आहे असं मी मुळीच म्हणणार नाही.