कॅसेटच्या पोटात सेल असतो!

गेमच्या कितीतरी जुन्या कॅसेटमध्ये बॅटरी असते. हो, बॅटरी! गोल, चपटा, रुपयाएवढा सेल, हिरव्या सर्किटवर पत्र्याच्या दोन पट्ट्यांनी घट्ट धरून ठेवलेला. टीव्हीचं बटण बंद केलं, कॅसेट खणात टाकली, घर बदललं, मूल मोठं होऊन नोकरीला लागलं, तरी तो सेल आत जागाच असतो. आपण कुठल्या पायरीपर्यंत पोचलो होतो, काय काय गोळा केलं होतं, सगळं त्याच्या 3 व्होल्टच्या जोरावर टिकून असतं. आणि तो मेला की त्याच क्षणी सगळं पुसलं जातं. मला हे माहीतच नव्हतं! आता माहीत झाल्यापासून जुनी कॅसेट दिसली की तिच्या पोटात काय चाललं असेल, याशिवाय दुसरं काही सुचत नाही.

कारण इतकं साधं आहे की ऐकल्यावर टाळी वाजवावीशी वाटते. गेम स्वतः ज्या चिपमध्ये असतो ती कायमची कोरलेली, तिला विजेची गरज नाही. पण खेळणाऱ्याची प्रगती लिहायची तर पुन्हा पुन्हा खोडता येणारी जागा हवी, आणि त्या काळी स्वस्तात मिळणारी तशी चिप वीज गेली की सगळं विसरायची. मग वीज जाऊच द्यायची नाही! ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ 1987 मध्ये अमेरिकेत सोनेरी कॅसेटमधून आला, त्या कॅसेटच्या आत असाच सेल होता. पुढे हातात धरून खेळायच्या ‘गेम बॉय’च्या कितीतरी कॅसेटमध्ये हीच युक्ती दिसते.

मी सध्या नोकरीनिमित्त टोकियोत राहते. इथल्या सेकंडहँड दुकानांत एक कोपरा ‘जंक’चा असतो. प्लास्टिकच्या क्रेट, त्यांत कॅसेटचा ढीग, शंभर-दोनशे येनला एक. चालेल याची हमी नाही, परत घेणार नाही, असं दुकानदार स्पष्ट लिहूनच ठेवतो. बहुतेक लोक तिकडे ढुंकूनही पाहत नाहीत. मला मात्र आता काचेच्या कपाटातल्या चकाचक, महाग कॅसेटपेक्षा त्या क्रेटच जास्त खुणावतात, कारण खरी गंमत आत आहे आणि आत जायला एकच स्क्रू आड येतो.

तो स्क्रूसुद्धा बघण्यासारखा! त्याच्या डोक्यावर खाचच नसते. साधा स्क्रू-ड्रायव्हर नुसता घसरतो. 3.8 मिलिमीटरचा पोकळ तोंडाचा खास पाना लागतो, तो स्क्रूचं डोकं बाहेरून पकडतो. कुणी उघडू नये म्हणूनच तसा केलेला. पाना हातात आला आणि पहिला स्क्रू ‘कट्’ करून सैल झाला, तेव्हा मला झालेला आनंद सांगून कळणार नाही.

आणि मग आतलं दृश्य. सिगरेटच्या धुराचा पिवळा, चिकट थर, इतका की झाकण उघडताच वास यावा. केस. बिस्किटाचा भुगा. एका कॅसेटला कुणीतरी स्टिकरच्या खालून झटपट चिकटणारा गोंद भरला होता, तो ओघळून थेट पिनांवर येऊन दगड झालेला. आणि सगळ्यात जास्त वेळा दिसणारी गोष्ट म्हणजे पिनांवरचे काळपट-हिरवट डाग. कॅसेट चालली नाही की तिच्यात फुंकर मारायची, हा इलाज जपानपासून जळगावपर्यंत सगळ्या मुलांना कुणी शिकवला कोण जाणे! पण फुंकरीबरोबर तोंडातला दमटपणा आत जातो आणि तांब्याला गंज धरतो. या कॅसेट बनवणाऱ्या निन्टेंडो कंपनीनेही फुंकर मारू नका असंच बजावलं आहे. फुंकल्यावर कॅसेट चालायची, ती बहुधा काढून पुन्हा बसवल्यामुळे पिना नीट टेकायच्या म्हणून. कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून त्या पिनांवरून फिरवली की कापूस काळा होतो, दुसरी काडी राखाडी, तिसरी जवळजवळ पांढरी, आणि मग ती कॅसेट चालते. चालते!

पण मला खरं सांगायचंय ते ‘पॉकेट मॉन्स्टर्स ग्रीन’बद्दल. ही हिरवी कॅसेट 27 फेब्रुवारी 1996 ला लाल कॅसेटबरोबर बाजारात आली. पोकेमॉनची सगळी कहाणी इथून सुरू होते. हिरवी ग्रीन या नावाने फक्त जपानातच विकली गेली. जंकच्या क्रेटमध्ये मला मिळालेल्या प्रतीच्या पाठीवर मार्करने कुणा मुलाचं नाव लिहिलेलं, अर्धं पुसलेलं. गेम बॉयमध्ये घातली. सुरू झाली. आणि पडद्यावर नवा खेळ सुरू करण्याच्या वर आणखी एक ओळ होती: पुढे चालू ठेवा. म्हणजे आत कुणीतरी होतं! तीन अक्षरी नाव, आठही बिल्ले जिंकलेले, पोकेडेक्समध्ये, म्हणजे पकडलेल्या प्राण्यांच्या यादीत, 149.

दीडशेपैकी एकशे एकोणपन्नास! लाल किंवा हिरव्या, एकाच कॅसेटमध्ये सगळे प्राणी मिळत नाहीत, काही फक्त हिच्यात, काही फक्त तिच्यात. दोन गेम बॉय केबलने जोडून मित्राशी अदलाबदल केल्याशिवाय आकडा तिथवर जातच नाही. म्हणजे या मुलाला मित्र होते, केबल होती, चिकाटी तर विचारूच नका. आणि हे सगळं एका पत्र्याच्या चकतीवर तगून होतं. कॅसेट उघडून सेलला मल्टिमीटर लावला, तर काटा तीनच्या बराच खाली! नवा सेल तीनाच्या जरा वरच दाखवतो. हा अगदी शेवटच्या घटका मोजत होता.

इथे एक अवघड पेच आहे. सेल बदलायचा तर जुना काढावा लागणार, आणि जुना काढला की त्या मुलाची सगळी मेहनत पुसली जाणार. वाचवण्यासाठी जे करायचं त्यानेच ते मरतं. पण हौशी लोकांनी यावरही उपाय काढून ठेवलाय: कॅसेट वाचणारं छोटंसं यंत्र मिळतं, ते यूएसबीने संगणकाला जोडायचं, कॅसेट त्यात खोचायची, आणि आतली नोंद फाइल म्हणून उतरवून घ्यायची. 32 किलोबाइट. एका मुलाचं अख्खं 1996 साल त्यात मावलेलं! फाइल उतरली, दोन ठिकाणी जपून ठेवली, मगच सोल्डरिंग आयर्न तापवलं. नवा सेल घेताना पट्ट्या आधीच जोडलेला घ्यायचा, कारण लिथियमच्या सेलला थेट डाग दिला तर तो तापून फुटू शकतो. अधिक-वजा पाहून पट्ट्या बसवल्या, फाइल पुन्हा कॅसेटमध्ये लिहिली, गेम बॉय चालू केला, आणि तो मुलगा होता तिथेच उभा. मी खोलीत एकटीच नाचले.

पुढच्या पिढीची ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’ (जपानात 1999) यांची तर आणखी वेगळी तऱ्हा. या कॅसेटमध्ये घड्याळही आहे! गेममध्ये खरोखरीची रात्र होते, सकाळ होते, आठवड्याचे वार बदलतात. हे घड्याळ त्याच सेलवर रात्रंदिवस धावतं, मग सेल लवकर संपणारच. म्हणून 1996 ची कॅसेट जिवंत सापडते आणि तिच्यानंतरची मेलेली. सेकंडहँडवाल्यांकडे ‘गोल्ड’ स्वस्त दिसली तर कारण बहुतेक हेच असतं, आणि ते दुरुस्त होण्यासारखं आहे. 2002 च्या ‘रूबी’ आणि ‘सफायर’मध्ये प्रगती सेलशिवाय टिकणाऱ्या चिपवर गेली. सेल उरला तो फक्त घड्याळापुरता. तिथे सेल मेला तर लावलेल्या झाडांना बेरी येणं थांबतं, पण नाव पुसलं जात नाही.

‘रूबी’, ‘सफायर’चं कवच अर्धपारदर्शक, त्यामुळे आतला सेल बाहेरूनच दिसतो. नकली कॅसेट ओळखायला ही मोठीच सोय, कारण या गेमच्या नकला बाजारात उदंड आहेत. अस्सल कॅसेटच्या स्टिकरवर दाबून उमटवलेले बारीक आकडे असतात, आणि पिनांच्या वर सर्किटवर निन्टेंडोचं नाव छापलेलं दिसतं. नकलीत हे नसतं, आणि पुष्कळदा प्रगतीही टिकत नाही: वीस तास खेळा, दुसऱ्या दिवशी कोरी पाटी. नकलेचा मला खरोखर राग येतो, कारण त्यात एखाद्या लहान मुलाचे ते वीस तास जातात.

तरी नकली म्हटलं की आपल्याकडच्या पिवळ्या कॅसेट आठवतातच! नव्वदीत महाराष्ट्रात घराघरांत जो ‘टीव्ही गेम’ असायचा तो बहुतेक वेळा निन्टेंडोच्या फॅमिकॉमची नक्कल, आणि कॅसेटवर 9999999 गेम असल्याचा दावा. सुट्टीत घरी गेले तेव्हा माळ्यावरची एक उतरवून उघडली. आत जवळजवळ काहीच नाही! एवढ्या मोठ्या कवचात बोटभर सर्किट, आणि त्यावर चिपऐवजी काळ्या डांबरासारखा इपॉक्सीचा एक वाळलेला थेंब. चिप त्या थेंबाखाली गाडलेली. ना सेल, ना प्रगती साठवण्याची जागा. ‘मारिओ’ आणि ‘काँट्रा’ आपण रोज पहिल्यापासून खेळत होतो, पण त्यांच्या अस्सल कॅसेटमध्येही प्रगती साठत नव्हती!

कन्सोलच्या आत तर विचारूच नका. जुन्या गेम बॉयमध्ये पेन्सिल सेल विसरून ठेवलेले असतात, त्यातून गळलेला अल्कली पांढरा-निळा पापुद्रा होऊन स्प्रिंगा खातो. तो थोड्या व्हिनेगरने निघतो. पीएस-फोर दुरुस्त करणारे सांगतात की आतली ऊब आणि रुंद फटी, यामुळे झुरळांना ते घर फार आवडतं. 2001 च्या पहिल्या एक्सबॉक्समध्ये घड्याळासाठी एक कपॅसिटर आहे, बहुतेक आवृत्त्यांत तो फुटून गळतो आणि मदरबोर्डवरच्या तांब्याच्या रेषा खातो. तुमच्याकडे तसा एक्सबॉक्स असेल तर आज उघडा, तो कपॅसिटर काढूनच टाका. फार तर वेळ पुन्हा लावावी लागेल, एवढंच.

पण सगळ्यात भयंकर प्रकार कॅपकॉम कंपनीच्या आर्केड बोर्डांचा, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या यंत्रांतल्या सर्किटांचा. 1993 पासूनच्या त्यांच्या सीपीएस-टू बोर्डांवर गेम कुलूपबंद असायचा आणि त्याची किल्ली सेलवर टिकणाऱ्या स्मृतीत. सेल संपला की किल्ली गेली आणि हजारो रुपयांचा बोर्ड नुसतं प्लास्टिक. हौशी मंडळी त्याला आत्मघाती सेल म्हणतात. नक्कल थांबवायची म्हणून स्वतःच्या निर्मितीच्या पोटात मरण ठेवायचं, हे मला पटत नाही, कधीच पटणार नाही. आणि त्यामुळेच पुढची गोष्ट वाचून मी खुर्चीवरून उठले: 2007 मध्ये हौशी संशोधकांनी त्या कुलपाचं गणित उलगडलं, आणि आता मेलेले बोर्डही किल्ली परत लिहून जिवंत करता येतात.

पुढच्या आठवड्यात माझ्याकडे सेगाचा ‘गेम गिअर’ येतोय. विकणाऱ्याने लिहिलंय: आवाज अगदी क्षीण, पडदा अंधुक, जंक. म्हणजे आतले कपॅसिटर गळलेत, उघडल्यावर कुजक्या मासळीचा वास येणार! नव्या कपॅसिटरचा संच मागवून झालाय, आयर्नचं बारीक टोकही आलंय.